हृदयविकारानंतरचे पुनःस्वास्थ्य आणि सहचराचा आधार

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा वैद्यकाचे एक काम संपलेले असते आणि दुसरे सुरू व्हावयाचे असते. हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तपुरवठ्याअभावी मृत झाला, त्या जागी व्रण भरून पक्का होण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात व त्यानंतरच्या वर्षभरात रुग्ण कितपत सावरतो हे केवळ रोहिणीतील अडथळ्यावर अवलंबून नसते. त्याच्या शेजारी कोण आहे आणि ती व्यक्ती त्याच्याशी कशी वागते यावरही ते अवलंबून असते, असे गेल्या चार दशकांतील संशोधन सांगते. विधान ऐकावयास सोपे आहे. परंतु ‘आधार’ या एका शब्दाखाली ज्या गोष्टी गोळा केल्या जातात, त्यांतील काही रुग्णास उभे करतात आणि काही त्यास बसवून ठेवतात. हा भेद न केल्यामुळे या विषयावरील पुष्कळसे लेखन भाबडे झाले आहे.

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. (कोल्हापूरकडील, १९२० मधील परिषदेमुळे प्रसिद्धीस आलेले माणगाव ते निराळे.) १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मुंबई-गोवा महामार्गावर हे तालुक्याचे गाव वसले आहे. ताम्हिणी घाट चढून येथून पुण्यास जाता येते, आणि कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाल्यापासून आगगाडीही आहे. म्हसळा, श्रीवर्धन या किनाऱ्याकडील तालुक्यांतील माणसे महामार्गास येथेच लागतात. छातीत कळ आलेल्या माणसास प्रथम येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात आणावे, आणि अँजिओप्लास्टीचे वा बायपासचे काम निघाल्यास पनवेल, नवी मुंबई, मुंबई अथवा पुणे गाठावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. २०१२ च्या जुलैत राज्य शासनाने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली (२०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते). तिच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च पूर्वीइतका अशक्य राहिलेला नाही. पण शस्त्रक्रिया झालेला माणूस शे-दीडशे किलोमीटर प्रवास करून आपल्या वाडीत परतला म्हणजे पुढे काय? किती चालावे, शेतात केव्हा उतरावे, कोणती गोळी आपण होऊन बंद करावयाची नाही, दम लागला तर घाबरावे की थोडे थांबून पुन्हा निघावे, हे शिकविणारे संघटित हृदय-पुनर्वसन आपल्याकडे मोठ्या शहरांतील थोड्या रुग्णालयांपुरतेच आहे. वाडीत ते काम घरच्या माणसाकडे येते. आणि रुग्ण पुरुष असेल तर ते माणूस बहुधा त्याची पत्नी असते. तिला ते काम कोणी शिकविलेले नसते.

सहचराच्या सान्निध्याचा परिणाम मोजता येतो काय, हा पहिला प्रश्न. जेम्स कुलिक व हाइक मालर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये बायपास झालेल्या विवाहित पुरुषांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या पत्नी रुग्णालयात वारंवार भेटीस येत, त्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली व ते लवकर घरी गेले. येथे दिवसांचा हिशेब होता. कॅथलीन किंग व हॅरी रीस यांनी २०१२ मध्ये वर्षांचा हिशेब मांडला. १९८७ ते १९९० या काळात बायपास झालेल्या २२५ व्यक्तींची पंधरा वर्षांनंतरची स्थिती त्यांनी पाहिली. शस्त्रक्रियेच्या वेळी जे विवाहित होते ते हयात असण्याचा संभव इतरांच्या अडीच पट निघाला. परंतु या अभ्यासातील खरे महत्त्वाचे आकडे पुढचे आहेत. समाधानी संसार असलेल्या पुरुषांपैकी ८३ टक्के पंधरा वर्षांनी हयात होते, असमाधानी संसारातील पुरुषांपैकी ६० टक्के आणि अविवाहितांपैकी ३६ टक्के. स्त्रियांमध्ये समाधानी संसाराचा आकडा तोच, ८३ टक्के. मात्र असमाधानी संसारातील स्त्रियांपैकी २८ टक्के व अविवाहित स्त्रियांपैकी २७ टक्के हयात होत्या. म्हणजे पुरुषास कसाही संसार काही प्रमाणात तारतो. स्त्रीच्या बाबतीत असमाधानी संसार असणे आणि संसारच नसणे यांत फरक दिसला नाही. अभ्यासातील स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच कमी होती, हे ध्यानात ठेवून या आकड्यांकडे पाहिले पाहिजे. शिवाय मुळातच अधिक निरोगी माणसांचे संसार अधिक टिकतात, ही शंकाही अशा प्रत्येक अभ्यासास घ्यावी लागते. तथापि इतर अभ्यासांचा कल याच दिशेचा आहे. हृदयाची पंपक्रिया दुबळी पडलेल्या १८९ रुग्णांचा जेम्स कॉइन, मायकेल रोरबॉ व वर्दा शोहम यांनी अभ्यास केला (२००१). त्यांत दांपत्यसंबंधाची गुणवत्ता ही पुढील चार वर्षांतील जीवितासंबंधी जवळजवळ विकाराच्या तीव्रतेइतकीच सूचक ठरली. स्त्री-रुग्णांत हा संबंध अधिक ठळक होता.

आता मूळ भेदाकडे वळावयाचे. झटक्यानंतर रुग्णास हालू न देणे ही घरच्यांची माया समजली जाते. आणि ती कोठून आली याचा इतिहास मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच वैद्यकाची आज्ञा होती. रुग्णाने सहा आठवडे अंथरुणावर पडून राहावे, प्रसंगी स्वतःच्या हाताने जेवूही नये, असा उपचार प्रतिष्ठित डॉक्टर सांगत. १९५२ मध्ये बोस्टन येथील सॅम्युएल लिव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांस लवकर आरामखुर्चीत बसविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अंथरुणाची मुदत झपाट्याने घटली. आज गुंतागुंत नसलेला रुग्ण काही दिवसांतच चालत घरी येतो. वैद्यकाने ही आज्ञा मागे घेतली. घरांनी ती घेतली नाही. ‘उठू नका, मी देते’ हे पत्नीचे वाक्य म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीची चिकित्साच होय. ती आता औषधाच्या चिठ्ठीवर नसून संसाराच्या बोलीत शिल्लक आहे. पत्नीच्या अज्ञानाचा तो पुरावा मानणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांनी पहिली आज्ञा जितक्या ठामपणे दिली होती, तितक्या ठामपणे दुसरी दिलेली नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

अतिसंरक्षणाने नेमके काय बिघडते? स्नायू शिथिल होतात, वजन वाढते, हे उघडच आहे. त्याहून सूक्ष्म हानी निराळी आहे. आपण काय करू शकतो याविषयी रुग्णाचा जो अंदाज असतो, तो तो स्वतःच्या शरीरावरून जितका बांधतो तितकाच भोवतालच्यांच्या चेहऱ्यावरून बांधतो. आल्बर्ट बँड्युरा यांनी ज्यास आत्मक्षमतेची जाणीव म्हटले, ती येथे कळीची ठरते. १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बार टेलर, बँड्युरा, एवर्ट, मिलर व डीबस्क यांनी केलेला प्रयोग या संपूर्ण क्षेत्रातील बहुधा सर्वांत बोलका प्रयोग आहे. झटका येऊन सुमारे तीन आठवडे झालेले तीस पुरुष चालत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, आपली ताकद अजमावीत होते. दहा जणांच्या पत्नी त्या वेळी तेथे नव्हत्या. दहा जणींनी पतीची चाचणी समोर बसून पाहिली. उरलेल्या दहा जणींनी चाचणी पाहिली आणि नंतर पती ज्या वेगास व चढास पोहोचला होता, त्यावर स्वतः तीन मिनिटे चालून पाहिले. आपल्या पतीचे हृदय किती श्रम सोसू शकेल, असे सर्वांना विचारण्यात आले. पहिल्या दोन गटांतील पत्नींचा अंदाज पतीच्या स्वतःच्या अंदाजाहून बराच खाली राहिला. केवळ पाहून तो फारसा सुधारला नाही, हे विशेष. ज्या स्वतः पट्ट्यावर चालल्या त्यांचाच अंदाज पतीच्या अंदाजाच्या बरोबरीस आला. पुढे काही महिन्यांनी पुरुषांची पुन्हा चाचणी झाली, तेव्हा त्यांची कामगिरी पती व पत्नी या दोघांच्या विश्वासाशी जुळणारी निघाली. सांगून भीती जात नाही, पाहूनही पुरती जात नाही. स्वतःच्या पायांना तो चढ लागला म्हणजे ती जाते.

माणगावच्या परिसरात हा प्रयोग यंत्रावाचून होण्यासारखा आहे. वाडीपासून रस्त्यापर्यंतची चढण पत्नी रोज डोक्यावर ओझे घेऊन चढत असते; तिच्या पायांस ती ठाऊक असतेच. डॉक्टरांनी ‘हलका व्यायाम करा’ असे म्हटल्याने दोघांनाही काही बोध होत नाही. ‘पहिल्या आठवड्यात विहिरीपर्यंत, दुसऱ्यात देवळापर्यंत, आणि बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने’ असे म्हटले, आणि ते पत्नीस समोर बसवून म्हटले, तर त्याचा उपयोग होतो. दांपत्यजीवन पूर्ववत् केव्हा सुरू करावे ही शंका तर बहुतेक जोडपी विचारीतच नाहीत आणि डॉक्टरही आपण होऊन सांगत नाहीत. दोन जिने न थांबता, दम न लागता व छातीत न दुखता चढता येत असतील तर सहसा भय नसते, हा व्यवहारातील साधा निकष आहे; तो न सांगितल्यामुळे घरात जो दुरावा साचतो, त्याचे कारण मग स्वभावात शोधले जाते.

कोकणातील कुटुंबरचनेचा येथे विचार करणे अगत्याचे आहे. परदेशी अभ्यासांत दांपत्य म्हणजे एका छपराखाली राहणारी दोन माणसे असे गृहीत धरलेले असते. या भागात पिढ्यान्पिढ्या पुरुष मुंबईस आणि पत्नी गावी, अशी घराची वाटणी झालेली आहे. गणपतीस व शिमग्यास येणारा चाकरमानी हृदयविकारानंतर नोकरी सोडून कायमचा गावी येतो, तेव्हा तो आपल्याच घरात काहीसा पाहुणा असतो. शेती, गुरे, देणी-घेणी, नातीगोती हा सारा कारभार पत्नीने वर्षानुवर्षे एकटीने सांभाळलेला असतो; आणि ज्याच्याकडे द्यावयास काम नाही अशा माणसाची काळजी घ्यावयाची म्हणजे त्याला स्वस्थ बसवावयाचे, हाच मार्ग तिला दिसतो. वस्तुतः त्यास घरातील एखादे निश्चित काम सोपविणे ही येथे उपचाराचीच बाब आहे. दुसरा प्रकार उतारवयातील जोडप्यांचा : मुले मुंबई-पुण्यास, आणि गावी दोघेच. तेथे सहचराचा आधार तुटला तर त्याच्या जागी दुसरा आधार उभा राहत नाही.

आहाराविषयी थोडक्यात सांगता येईल. मीठ कमी करा हा उपदेश सुकट, सुके बोंबील, लोणचे व पापड यांवर पावसाळा काढणाऱ्या घरात वेगळे ताट मांडून पाळला जात नाही. साऱ्या घराचे मीठ उतरले तरच रुग्णाचे उतरते. तंबाखूचेही तसेच. पतीची विडी सुटावी म्हणून झटणारी पत्नी स्वतः सकाळ-संध्याकाळ मिश्री लावीत असेल, तर दोघांनी मिळून सोडण्याखेरीज इलाज नाही.

आतापर्यंत रुग्ण पुरुष आहे असे धरले. पत्नीच रुग्ण असेल तर काय होते, हा या विषयातील सर्वांत उपेक्षित भाग आहे. मराठी वाचकास पतीच्या शुश्रूषेचे चित्र परिचित आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने निवर्तले, आणि रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्यांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन आहे. पत्नीच्या हृद्रोगाची पतीने केलेली शुश्रूषा वर्णन करणारे तितकेच प्रसिद्ध मराठी पुस्तक अभ्यासकास सहजी आठवणार नाही. यामागे केवळ वाङ्मयीन योगायोग नाही.

स्त्रीचा आजार ओळखण्यापासूनच विलंब सुरू होतो. भारतातील ८९ केंद्रांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद सांगते की, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. हा आकडा स्त्री-पुरुष सर्वांचा आहे. या सहा तासांत निर्णय घेणारे माणूस बहुधा सहचरच असते. आणि बाईचे दुखणे पित्त, वात किंवा दगदग या सदरांत घालण्याची सवय घराघरांत आहे. ती घरी परतल्यानंतर दुसरी विषमता सुरू होते. पुरुषास ज्या काळात उठू दिले जात नाही, त्याच काळात स्त्री चुलीपुढे उभी असते. चार दिवस सुनेने किंवा लेकीने काम केले, की ‘आता बरी दिसतेस’ हे तिचे डिस्चार्ज कार्ड. सून तरुण असेल, आणि लहानपणच्या सांधेज्वराने तिच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या असतील, तर तिला माहेरी पोहोचविण्याकडे कल असतो. म्हणजे सहचराच्या आधाराचा प्रश्नच निकालात निघतो. पुरुषावर आधाराचा अतिरेक आणि स्त्रीस त्याचा दुष्काळ, अशी ही वाटणी आहे.

स्टॉकहोम येथे क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृद्रोग झालेल्या २९२ स्त्रियांचा पाठपुरावा केला (२०००). संसारातील तीव्र ताण असलेल्या स्त्रियांत विकार उलटण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. नोकरीतील ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीच्या आधारे एलेन ईकर यांनी २००७ मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला : पतीशी मतभेद झाल्यावर जाणूनबुजून गप्प बसणाऱ्या स्त्रियांत दहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रियांच्या चौपट होते. पुरुषांच्या गप्प बसण्याचा असा संबंध आढळला नाही. जेथे उलट शब्द न बोलणे हा सुनेचा पहिला सद्गुण मानला जातो, तेथील संशोधकाने या निष्कर्षाची स्थानिक परीक्षा घेतली पाहिजे. तो तसाच उचलणे मात्र बरोबर नव्हे. गप्प बसणे ही येथे कधी हार असते, कधी डावही असतो.

आधार देणाऱ्याची झीज हाही हिशेबाचा भाग आहे. रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांच्या १९९९ मधील अभ्यासात, आजारी सहचराची शुश्रूषा करणाऱ्या आणि तीमुळे ताण अनुभवणाऱ्या वृद्धांत चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक होते. लावणीच्या दिवसांत शेत आणि रुग्ण दोन्ही सांभाळणाऱ्या बाईचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो.

मग बाहेरून आधार पुरवून भागेल काय? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत झटका येऊन गेलेल्या २,४८१ खिन्न किंवा एकाकी रुग्णांपैकी निम्म्यांना मानसोपचार देण्यात आले. त्यांची खिन्नता काहीशी कमी झाली, आधाराची जाणीव थोडी वाढली. परंतु मृत्यू वा दुसरा झटका यांचे प्रमाण घटले नाही. या निष्फळतेकडे दुर्लक्ष करून सहचराच्या आधाराचे गोडवे गाणे शास्त्रास धरून होणार नाही. भारतातील चौदा रुग्णालयांतील ८०६ रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आरोग्यसेवकांच्या मोजक्या भेटींनी औषधे नियमित घेण्याचे प्रमाण वाढले व राहणीत सुधारणा झाली, ही जमेची बाजू. गोळ्या घेण्यापुरते शिक्षण बाहेरचा माणूस देऊ शकतो. रोजच्या सहवासाचा सूर तो बदलू शकतो की नाही, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

या सुराचे मोजमाप करण्याची एक पद्धत मराठीच्या अभ्यासकांस विशेष रुचेल. रोरबॉ, मेल व शोहम यांनी २००८ मध्ये हृद्रोग्यांच्या व त्यांच्या सहचरांच्या एकत्र मुलाखतींतील सर्वनामे मोजली. सहचराच्या बोलण्यात ‘मी’, ‘तू’ यांऐवजी प्रथमपुरुषी अनेकवचन जितके अधिक, तितकी रुग्णाची लक्षणे पुढील सहा महिन्यांत अधिक सुधारलेली आढळली. रुग्णाने स्वतः ते सर्वनाम किती वापरले यावरून मात्र काही कळले नाही. इंग्रजीत या अर्थाचा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही पथ्य पाळतो’ हे डॉक्टरांस उद्देशून आहे व त्यात ऐकणारा वगळलेला आहे. ‘आपण पथ्य पाळू’ यात ऐकणारा रुग्ण सामील आहे. इंग्रजीतील पद्धतीने जे वेगळे करता येत नाही, ते मराठी व्याकरणात आधीच वेगळे झालेले आहे. अडचणीही तितक्याच आहेत. ‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुषीही असते. कित्येकदा सर्वनाम गाळलेलेच असते आणि ‘चालू या’, ‘जाऊ या’ अशा क्रियारूपातच ते दडलेले असते. म्हणून नुसते शब्द मोजून भागणार नाही, क्रियापदे मोजावी लागतील. शिवाय या भागातील प्रौढ स्त्री पतीसमोर पतीविषयी बोलताना ‘ह्यांना’ म्हणते. त्या तृतीयपुरुषात दुरावा असतो असे कोणी मानले तर त्याचे निष्कर्ष सुरुवातीसच चुकतील. मुलाखत घराच्या पडवीत घ्यावयाची की रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सासूच्या देखत घ्यावयाची की दोघांचीच, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, हे आधी ठरविल्याशिवाय माणगावात पहिले क्रियापदही मोजता येणार नाही.